वायफाय दिसत नाही म्हणून कार्ड बदलू नका

हाटकेशच्या गाळ्यांत माल बनविणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंनाही आता लॅपटॉपवाचून चालत नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, गिऱ्हाइकाचे कोटेशन, सारे त्यावरच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुन्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. अशा वेळी युनिक्सच्या धाटणीची, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून घेणे हा फायद्याचा सौदा आहे, असे आमचे मत आहे. (विंडोजसाठी बनलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ टॅली, तिच्यावर थेट चालत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.)

अडचण त्यापुढे येते. लिनक्स चढते, पण वायफाय दिसत नाही. दुरुस्तीवाला सांगतो, कार्ड गेले, बदलावे लागेल. काल विंडोजवर चालणारे कार्ड आज लिनक्स टाकताच कसे जळाले, हे त्याला जरूर विचारावे. अशा वेळी बहुधा कार्ड शाबूत असते. त्याला चालविणारा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर, म्हणजे सुरू होताना कार्डात भरला जाणारा कंपनीचा छोटा प्रोग्रॅम, तेवढा मिळालेला नसतो. ब्रॉडकॉमच्या अनेक कार्डांची ही जुनीच खोड. अनेक कंपन्या असे फर्मवेअर खुले करीत नाहीत, म्हणून डेबियनच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये ते नसे. २०२३ च्या डेबियन १२ पासून येऊ लागले.

तपासणी फुकट होते. टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरे सलग, लहान लिपीत टाइप करावीत. यादीत कार्डाचे नाव आले, तर लॅपटॉपला कार्ड दिसते आहे. नवे घेण्याची घाई नको. मग वायफायचे बटण किंवा विमान मोड चालू राहून गेला आहे का, ते पाहावे. त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवले असेल, तर त्यातील फास्ट स्टार्टअप बंद करावे. त्यामुळेही कार्ड कधी अर्धवट झोपेत राहते. इंटरनेटच नाही तर फर्मवेअर उतरवायचे कसे? मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. लिनक्स ते सहसा लगेच ओळखते.

यादीत नावच नसेल, तर लॅपटॉप उघडून कार्ड काढून पुन्हा नीट बसवून पाहावे. तरीही आले नाही, तर बदलण्याचा विचार करावा. काही जुन्या लॅपटॉपांत कंपनीने मान्य केलेलीच कार्डे चालतात, हे आधी विचारून घ्यावे.

दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या आमच्या बांधवांनी फर्मवेअर घालण्याची मजुरी उघडपणे घ्यावी, तो हक्काचा पैसा आहे. चांगले कार्ड काढून नव्याचे बिल लावणे हा मालातील ऐब लपविण्याचाच प्रकार झाला. बाहेरून लावायचे यूएसबी वायफाय घेणाऱ्यांनी डब्यावरचे नाव न पाहता आतली चिप कोणती, हे विचारावे. एकाच नावाच्या मालात निरनिराळ्या चिपा निघतात.