सपाट वाटेचा आरंभ

लांबच्या सायकलप्रवासाचा आरंभ घाटानेच करावा, असे पुष्कळ तरुणांस वाटते. मला ते पटत नाही. पहिल्याच दिवशी धाप लागून परतलेला मुलगा पुढे प्रवासाचे नावही काढीत नाही.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात १९८६ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सुमारे ३८६ किलोमीटरांची ‘केटी ट्रेल’ ही सायकलवाट झाली आहे. आगगाडीस उभा चढ चढवत नाही. म्हणून ती वाट बहुतेक सपाटच आहे. नवख्याने अशाच वाटेने निघावे.

परंतु सपाट वाट म्हणजे सोपी वाट नव्हे! उतार नसल्याने पायांस उसंत मिळत नाही. पायडल अखंड मारावे लागते. विद्यार्थिमित्रांनो, हे सातत्य आरंभीच अंगी बाणले, तर पुढे घाटाचेही भय उरणार नाही.