देवदाराची किंमत

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त देवदार हा शिवाने पुत्र मानलेला वृक्ष आहे. एका रानहत्तीने अंग घासताना त्याची साल निघाली, तर पार्वतीला पुत्र जखमी झाल्याचा शोक झाला. आज त्याच हिमालयात देवदाराची नोंद तोडावयाच्या झाडांच्या यादीतील एक आकडा म्हणून होते.

चाळीस-पन्नास मीटर उंच वाढणाऱ्या या सदाहरित सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड सुगंधी व तेलयुक्त असते; त्यास कीड व कुज सहसा लागत नाही. पहाडी माणसाने हा गुण ओळखला आणि बेताने वापरला. मनालीच्या १५५३ सालच्या हिडिंबा मंदिरात, श्रीनगरच्या जामा मशिदीच्या स्तंभांत देवदारच आहे. दगडांचे थर आणि देवदाराच्या तुळया एकाआड एक रचलेली हिमाचलातील ‘काठकुणी’ घरे भूकंपाचे हादरे पचवतात. एकदा तोडलेले झाड तेथे पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते.

रेल्वे आली आणि हाच टिकाऊपणा देवदाराच्या मुळावर आला. मैलभर रुळांना सुमारे अठराशे स्लीपर लागत. फ्रेडरिक विल्सन याने टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेतला आणि हर्सिल परिसरातील ओंडके भागीरथीच्या प्रवाहात सोडून मैदानात उतरवले. १८६४ साली वनखाते स्थापन झाले, त्यामागेही रेल्वेला लाकूड अखंड मिळावे हा हेतू प्रबळ होता.

आता स्लीपर काँक्रीटचे झाले. पण देवदाराची सुटका झाली नाही. त्याच हर्सिलच्या खोऱ्यात गंगोत्री मार्गाच्या रुंदीकरणासाठी हजारो देवदार हटवण्याचा प्रस्ताव पुढे आला. हा पट्टा २०१२ साली सरकारनेच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला होता. ५ ऑगस्ट २०२५ रोजी जवळच्या धराली गावावर चिखल-दगडांचा लोंढा कोसळला. त्यानंतर तरी या पहाडाची नाजूक प्रकृती कोणास समजावून सांगावी लागू नये.

सीमेकडे जाणारा रस्ता लष्कराला हवा, यात्रेकरूंनाही हवा, हे कोणीही मान्य करील. वाद आहे तो रुंदीचा. उभ्या उतारावरील माती धरून ठेवणारी झाडे पाडून रस्ता रुंद केला आणि पहिल्याच पावसाळ्यात तो दरडीखाली गेला, तर त्या रुंदीचा लाभ कोणाला? भरपाईदाखल लावलेल्या रोपाला तसा देवदार होण्यास शतक लागेल. उभ्या देवदाराची किंमत घनफुटांत मांडणाऱ्या शासनाने या हिशेबात ते शतकही धरले पाहिजे.