विमानाचा प्रवास : तयारी घरातूनच करा



धानाची मळणी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात पाहुणपणाचे दिवस सुरू होतात. पूर्वी लांब जायचे म्हटले की वरठीचे भंडारा रोड स्टेशन गाठायचे आणि आगगाडी धरायची, एवढेच ठाऊक होते. आता दिवस बदलले. कुणाची लेक बंगळूरला बाळंतपणाला आहे, कुणाचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे, कुणाला मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवायचे आहे. कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्यातही शेतकरी जातात. त्यामुळे बांधावर उभे राहून पिकाचे बोलणे संपले की हळूच प्रश्न येतो, "साहेब, विमानात बसायचे म्हणजे नेमके काय करावे लागते?"

प्रश्न लाजण्याजोगा नाही. तिकिटाचे पैसे घामाचे असतात आणि विमान चुकले की तेच तिकीट पुन्हा चालत नाही. माझा अनुभव असा की विमानतळावर होणाऱ्या बहुतेक अडचणींचे बी घरीच पेरलेले असते. नाव, वेळ आणि सामान या तीन गोष्टी घरी नीट पाहिल्या, तर पुढचे सारे सोपे आहे.

पहिली गोष्ट : नाव

तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच हवे. आपल्या गावात माणसाला दोन-दोन नावे असतात. सारा गाव ज्याला बाळू म्हणतो, त्याच्या आधार कार्डावर भालचंद्र असते. सून माहेरच्या नावाने आधार काढून आलेली असते आणि तिकीट सासरच्या नावाने निघते. तिकीट काढणारा मुलगा दूर शहरात बसून घाईत टाइप करतो आणि दारावरचा जवान अडवतो. म्हणून तिकीट काढण्याआधी ओळखपत्राचा फोटो त्याच्याकडे पाठवावा आणि त्यावर जसे आहे तसेच नाव अक्षर न अक्षर घालायला सांगावे. चूक राहिली असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवावे.

देशातल्या प्रवासाला आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड यांपैकी फोटो असलेले कोणतेही एक चालते. मूळ कार्ड सोबत ठेवावे, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नये. दोन वर्षांखालील बाळाचे जन्माचे प्रमाणपत्र घ्यावे. परदेशी जायचे तर पासपोर्ट व व्हिसा लागतो, तेथे आधार चालत नाही.

दुसरी गोष्ट : वेळ

तिकिटावर वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहितात. येथे पुष्कळांची फसगत होते. तिकिटावर १५ तारीख आणि ००:३० अशी वेळ असेल, तर ते विमान १४ तारखेची रात्र सरल्यावर साडेबाराला निघते. म्हणजे घरून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघायला हवे. जो १५ तारखेच्या रात्री जाईल, त्याचे विमान एक दिवस आधीच गेलेले असेल.

दुसरे असे की विमान सुटण्याची वेळ ही आपली पोचण्याची वेळ नव्हे. देशातल्या विमानाला सामान घेण्याची खिडकी साधारणपणे एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी लावतात. एकदा खिडकी बंद झाली की विनवणी करून उपयोग नसतो. एसटीचा वाहक ओळखीचा असला तर घंटी मारायचा थांबतो. येथे तसे नाही.

या शिस्तीशी नागपूरचे नाते जुने आहे. १९४९ साली देशात रात्रीची विमान टपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरत. तेथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. सारा व्यवहार वेळेवर उभा होता. आजही तसेच आहे. एक विमान दिवसात पाच-सहा गावे करते आणि एका ठिकाणी उशीर झाला की पुढची सारी साखळी ओढली जाते.

म्हणून हिशेब उलटा मांडावा, जसा आपण रोवणीच्या तारखेवरून पऱ्ह्यांची तारीख काढतो. समजा विमान सकाळी १० ला आहे. खिडकी ९ ला बंद होणार. विमानतळावर ८ ला पोचलेले बरे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आणि पुढे सारे शहर ओलांडून वर्धा मार्गाला लागायचे. म्हणजे भंडाऱ्याहून साडेपाचला निघावे. तुमसर, साकोली, लाखांदूरकडच्या मंडळींनी त्यात आणखी एक ते दोन तास धरावेत. परदेशच्या विमानाला तीन तास आधी पोचावे. पौष-माघात धुके असते. रस्ताही मंदावतो आणि विमानेही. तेव्हा पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीच नागपूरला नातलगाकडे मुक्काम केलेला उत्तम.

विमानतळ कसा गाठावा

प्रत्येकाने भाड्याची गाडी करावी असे नाही. भंडाऱ्याहून एसटीने नागपूरला येताना पारडीच्या बाजूला प्रजापतीनगर येथे मेट्रोचे स्टेशन लागते. ही मार्गिका डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेथून सीताबर्डीला यावे, तेथे गाडी बदलून वर्धा मार्गाची मेट्रो धरावी आणि एअरपोर्ट स्टेशनला उतरावे. आगगाडीने आलात तर नागपूर रेल्वे स्टेशनजवळही मेट्रो मिळते. ध्यानी ठेवावे की मेट्रोचे स्टेशन मुख्य रस्त्यावर आहे व विमानतळाची इमारत आत आहे. सामान असेल तर तेवढ्या अंतरासाठी ऑटो करावा. रात्री उशिरा व भल्या पहाटे मेट्रो नसते, हेही पाहून ठेवावे.

गोंदियाजवळ बिरसी येथेही विमानतळ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेथून हैदराबादकडे प्रवासी विमान सुरू झाले होते. अशा लहान विमानतळांची वेळापत्रके वारंवार बदलतात, म्हणून चौकशी करूनच बेत करावा.

पोचवायला जीपभर माणसे आली तरी आत फक्त तिकीटवाल्यालाच सोडतात. गळाभेट, पाया पडणे दाराबाहेरच आटोपावे.

तिसरी गोष्ट : सामान

देशातल्या बहुतेक साध्या तिकिटांवर मोठे सामान १५ किलो आणि हातातली एक पिशवी ७ किलोपर्यंत चालते. आपल्या तिकिटावर किती लिहिले आहे ते वाचावे. लेकीकडे निघालेल्या आईचे गाठोडे किती भरते, हे मी सांगायला नको. नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, तूप, लोणचे, कुरड्या! १५ किलोवरच्या प्रत्येक किलोला जे पैसे घेतात, त्यात तांदूळ कितीतरी पट येईल. तेव्हा घरच्या किंवा दुकानाच्या काट्यावर आधीच वजन करावे आणि काटाभर कमीच ठेवावे.

तांदूळ, डाळ दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या सामानात द्यावी. लोणचे, तूप, तेल हातात घेऊ नये. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर चिकटपट्टी लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तेही मोठ्या सामानातच ठेवावे. विळा, चाकू, अडकित्ता, कात्री यांचीही जागा तीच. उलट मोबाइलची पॉवर बँक मोठ्या सामानात चालत नाही, ती हातातल्या पिशवीत ठेवावी. औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचे कागद, पैसे आणि दागिनेही हाताशीच असावेत.

आता शेतकऱ्यांनी खास जपायच्या गोष्टी सांगतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नयेत. खोबऱ्यात तेल फार. हवा लागून ते आपोआप तापू शकते. ओल्या तणसाचा ढीग आतून कसा वाफाळतो, ते आपण जाणतोच. म्हणून विमानात खोबरे धोक्याच्या मालात धरतात.

कीटकनाशकाची बाटली, पुडी, माचिस, लायटर, फटाके यांतले काहीही, कुठल्याही सामानात नको. रानडुकरे हाकलायला ज्या थैलीत सुतळी बॉम्ब ठेवले, ती थैली प्रवासाला घेऊ नये. खताची पिशवी धुऊन घेतली तरी नको. खतातल्या नायट्रेटचे बारीक कण तपासणीच्या यंत्राला शंका आणू शकतात. पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक असेल, तर कोट व पिशवीचे सारे खिसे उलटे करून पाहावेत. विसरलेले एक काडतूस सापडले तरी पोलिसांपर्यंत प्रकरण जाते.

परदेशी जाणाऱ्यांनी तर अधिकच सांभाळावे. आखाती देशात निघालेल्या मुलाबरोबर आई मसाल्यात खसखस देते. दुबईसारख्या ठिकाणी खसखस अमली पदार्थात मोडते व तुरुंगवास होऊ शकतो. दुसऱ्याने दिलेली बांधलेली पुडी, "माझ्या भावाला एवढे पोचवा" म्हणून आलेली पिशवी, उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आत जे निघेल, त्याला जबाबदार नेणारा.

आणि परत येताना तेथले सुंदर बी, कलम खिशात घालून आणण्याचा मोह टाळावा. वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार परवान्याशिवाय ते आणता येत नाही. कारण आपल्या बांधावरच आहे. गाजर गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी धान्याबरोबर ते आले असे मानतात. आज ते उपटता उपटता आपली कंबर मोडते.

आत गेल्यावर

क्रम साधा आहे. दारावर तिकीट व ओळखपत्र दाखवायचे. मग आपल्या कंपनीच्या खिडकीवर मोठे सामान द्यायचे आणि पास घ्यायचा. सामानाची चिठ्ठी मिळते, ती जपायची. पुढे सुरक्षा तपासणी. तेथे मोबाइल, पट्टा, नाणी, चुन्याची डबी ट्रेमध्ये ठेवावी. बायांची तपासणी पडद्याआड स्त्री जवानच करते, संकोच नसावा. त्यानंतर पासावर लिहिलेल्या क्रमांकाच्या दारापाशी बसावे. दाराचा क्रमांक कधी बदलतो, तेव्हा फलकावर लक्ष ठेवावे. खर्रा मात्र घरीच ठेवावा, विमानात थुंकायला जागा नाही.

मुले आदल्या दिवशी मोबाइलवर चेक-इन करून देतात, ते चांगले. त्यात खिडकीजवळची जागा घ्यायला जादा पैसे दाखवतात. ते घेतलेच पाहिजे असे नाही. खिडकीवर पास देण्याबद्दल वेगळे पैसे मागणे नियमात बसत नाही, असे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना कळवले आहे.

म्हाताऱ्या माणसाला चालवत नसेल तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवावी. सातव्या महिन्यापुढच्या गर्भवतीने व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याने डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा आणि कंपनीचा नियम आधी विचारावा.

सामान पोचले नाही किंवा फुटले, तर विमानतळ सोडण्याआधी तेथेच लेखी तक्रार द्यावी. विमान चुकले किंवा तिकीट रद्द केले, तरी त्यातला कर व विमानतळ शुल्काचा भाग परत मिळतो. मागितल्याशिवाय तो सहसा हाती येत नाही, म्हणून मागावा.

आदल्या रात्री दिव्याखाली बसून एवढे पाहा : ओळखपत्र आणि तिकिटावरचे नाव, तारीख आणि वेळ, पिशवीचे वजन, रिकामे खिसे, औषधे, पोचायच्या ठिकाणच्या माणसाचा फोन नंबर कागदावर लिहिलेला. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद बोलतो. एवढे जमले की ज्या माउलीने जन्मात आगगाडीपलीकडे काही पाहिले नाही, तीही एकटी नातवाला भेटायला निर्धास्त जाईल.

पुढील अंकात उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकताना घ्यावयाची काळजी पाहू.