सातबाऱ्यामागची ६१७ अंकी संख्या: आज सुरक्षित, २०३५ नंतर काय?

अटल सेतू सुरू झाला, पेण तालुक्यातली काही गावं प्रस्तावित नव्या शहरात आली, तेव्हापासून पेण-रोह्याकडच्या जमिनींची चर्चा जोरात आहे. जमिनीचा कुठलाही व्यवहार सातबाऱ्यापासून सुरू होतो. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने १५ रुपयांत मिळणाऱ्या डिजिटल सातबाऱ्याला कायदेशीर मान्यता दिली. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज संपली. मग त्या सहीच्या जागी आलं काय? एक संख्या.

कुलूप कसं चालतं?

आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीसाठी २०४८ बिटची आरएसए पद्धत सर्रास वापरतात. तिच्या मुळाशी ६१७ अंकी संख्या असते: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार जगजाहीर, अवयव गुप्त. ज्याला अवयव सापडले, तो तीच सही करू शकतो.

छोटं उदाहरण घ्या, ८०५१. भागत बसलात तर ८३ पर्यंत जावं लागेल. पण ८०५१ म्हणजे ९०² − ७², म्हणजेच ८३ × ९७. अवयव जवळजवळ असले की कुलूप असं चटकन उघडतं, म्हणून खरी की बनवताना ते पुरेसे दूर निवडतात.

संख्या मूळ आहे का, हे ठरवणं त्यामानाने सोपं. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये त्याची खात्रीची रीत दिली. अवयव शोधायची तशी जलद रीत मात्र साध्या संगणकासाठी अजून सापडलेली नाही. २५० अंकी आरएसए संख्या २०२० मध्ये फुटली. ६१७ अंकी शाबूत आहे.

धोका कुठे?

क्वांटम संगणकात. २०१९ चा अंदाज होता की हे कुलूप तोडायला २ कोटी क्युबिट लागतील. मे २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी तो १० लाखांच्या आत आणला. एवढं यंत्र आज कुठेही नाही. तरी अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या मसुद्यानुसार ही पद्धत २०३० नंतर मागे पडेल आणि २०३५ नंतर बंद होईल.

ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो. जमिनीचा कागद तीस वर्षांनीही कोर्टात लागतो. उद्या अवयव सापडले तर जुनी तारीख टाकून बनावट सातबारा ‘सही’ करता येईल. त्यामुळे जुन्या नोंदींवर नव्या, क्वांटमला टिकणाऱ्या पद्धतीने पुन्हा सही करायचं वेळापत्रक सरकारने आत्ताच जाहीर करावं, असं मला वाटतं. त्यासाठीची प्रमाणं ऑगस्ट २०२४ पासून उपलब्ध आहेत.

आज तुमच्या हातात काय? डिजिटल सही फाइलमध्ये असते, प्रिंटवर फक्त तिचं चित्र उमटतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या सातबाऱ्याच्या फोटोवर किंवा झेरॉक्सवर टोकन देऊ नका. त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक महाभूमी पोर्टलवर स्वतः टाकून बघा.