फुकटच्या अॅपची किंमत



हिंगणघाटात कापसाचा हंगाम भरात होता. इशाच्या नमाजनंतर घरी पोहोचलो तर दारात एक पालक उभे. बाजार समितीच्या यार्डात हमाली करतात, मुलगा माझ्याकडे नववीत शिकतो. फोन पुढे करून म्हणाले, "सर, देखो ना, अपनेआप मैसेज जा रहे हैं." मुलगा मागे मान खाली घालून उभा.

विचारल्यावर कळले. व्हिडिओ सजवण्याच्या एका अॅपची पैसे भरून मिळणारी आवृत्ती त्याला हवी होती. मित्राने एका वेबसाईटची लिंक दिली. तिथे तेच अॅप 'प्रो, एकदम फ्री' लिहून ठेवलेले. अॅपने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली, याने ती देऊन टाकली. फोन अब्बांचा, सिम अब्बांचे आणि बँक खातेही त्याच नंबरला जोडलेले.

आधी इंटरनेट बंद केले आणि सिम काढले. मग माझ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवले आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तोवर ४,८०० रुपये गेले होते. मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. ते अजून परत आलेले नाहीत.

निघताना त्यांनी एक प्रश्न विचारला. "सर, फुकट वाटून त्यांना काय मिळतं?" या महिन्याचा लेख त्या प्रश्नासाठीच.

अँड्रॉइड फोनमध्ये अॅप घेण्याचे मुख्य दुकान म्हणजे गुगलचे प्ले स्टोअर. पण ते एकमेव दुकान नाही. सॅमसंगच्या फोनमध्ये गॅलक्सी स्टोअर असते, शाओमीच्या फोनमध्ये पूर्वी गेटअॅप्स असायचे. फोनपे कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अॅपस्टोअर सुरू केले. ते मराठीसह १२ भारतीय भाषांत चालते. म्हणजे दुसऱ्या दुकानातून अॅप घेणे हा गुन्हा नाही. दुकानदार कोण, हे मात्र बघावे लागते.

खरोखर फुकट देणारे एक दुकान आहे, एफ-ड्रॉइड. ते २०१० पासून चालू आहे. तिथल्या अॅपचा कोड सर्वांसाठी खुला असतो. जाणकार माणूस तो वाचून आत काय चालते ते तपासू शकतो. एखाद्या अॅपमध्ये जाहिराती असतील किंवा ते तुमच्यावर पाळत ठेवत असेल, तर तशी सूचना त्या अॅपच्या पानावरच लिहिलेली असते. खाते उघडावे लागत नाही. हे काम स्वयंसेवक करतात आणि खर्च देणग्यांतून निघतो. गावातल्या सार्वजनिक पाणपोईसारखेच हे. त्या पालकांच्या प्रश्नाला इथे सरळ उत्तर मिळते.

तिथून मी स्वतः वापरतो त्यातली काही नावे: व्हिडिओ-ऑडिओसाठी व्हीएलसी, शब्दार्थ आणि सूत्रे पाठ करण्यासाठी अँकीड्रॉइड, इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्यासाठी किविक्स. एकदा मजकूर उतरवून घेतला की नेट पॅक संपला तरी मुलाचा अभ्यास थांबत नाही. बँकेचे आणि पैसे पाठवण्याचे अॅप मात्र प्ले स्टोअरमधूनच, तेही बँकेचे नाव नीट वाचून घ्यावे.

आता तिसरे दुकान, जिथे आपला विद्यार्थी गेला. दुसऱ्याने पैसे घेऊन विकायला ठेवलेले अॅप फोडायचे, त्याला 'मॉड' म्हणायचे आणि फुकट वाटायचे. फोडणाऱ्याने आत काय भरले ते कोणी तपासलेले नसते. त्याला मिळतो तुमचा फोन: मेसेज, ओटीपी, फोटो, संपर्क यादी. शिवाय ज्याने मेहनतीने अॅप बनवले त्याची मजुरी बुडते ती वेगळीच. हे मुलाला समजावत होतो तेव्हा अब्बाच मध्ये म्हणाले, "पोती मी वाहायची आणि हमाली दुसऱ्याने न्यायची, तसंच हे." माझ्यापेक्षा त्यांचे उदाहरण मुलाला लवकर पटले.

अशी फाईल दुकानात न जाताही घरी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, एपीके फाईल होती, म्हणजे अॅपच. उघडल्यावर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नाचे आमंत्रण फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते आमंत्रण नाही, मग ते मामूंच्या नंबरवरून आलेले का असेना. मामूंचाच फोन आधी फसलेला असू शकतो.

आणि मोठ्या दुकानातले सगळेच निर्धोक, असेही समजू नका. नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणारे मुस्लिम प्रो हे अॅप जगभर ९ कोटींहून जास्त वेळा उतरवले गेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी उघड केले की त्यातून लोकांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर मुस्लिम प्रोने ते संबंध तोडले. हे अॅप प्ले स्टोअरवरच होते. किब्ला शोधायला ठिकाण लागते हे खरे, पण ती परवानगी 'फक्त अॅप वापरताना' एवढीच द्यावी. शहराचे नाव हाताने टाकता येत असेल तर त्याहून बरे.

घरासाठी चार गोष्टी लिहून ठेवा. ब्राउझर आणि व्हॉट्सअॅपला 'अनोळखी अॅप इन्स्टॉल' करण्याची परवानगी बंद ठेवा. एफ-ड्रॉइड घेताना ब्राउझरची तेवढ्यापुरती उघडा आणि लगेच बंद करा. प्ले प्रोटेक्ट बंद करा असे जे अॅप सांगेल, ते घेऊच नका. व्हिडिओ, खेळ किंवा टॉर्चच्या अॅपने मेसेज किंवा 'अॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली तर नाही म्हणा. आणि पैसे गेलेच तर लाजेखातर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी १९३० लावा.

त्या मुलाला अब्बांनी मारले नाही. मारले असते तर पुढच्या वेळी त्याने सांगितलेच नसते. आमच्याकडे येईपर्यंत त्याने दोन तास भीतीपोटी गप्प राहून काढले होते आणि पैसे त्याच दोन तासांत गेले. तुमच्या घरात मुलाच्या हातून अशी चूक झाली, तर तो पहिल्या पाच मिनिटांत तुमच्याकडे येईल का? आज रात्री जेवताना त्याला तेवढे विचारा.