एका पानाचा भार
एचटीएमएलचे नियम सांगणारा ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या गटाचा ग्रंथ एकाच अखंड पानावरही मिळतो, ते पान कित्येक मेगाबाइटांचं आहे. ब्राउझर अख्खी फाइल उतरायची वाट पाहत नाही. मजकूर येईल तसा वाचत वरचा भाग आधी दाखवतो, आणि ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. खरा भार पुढचा. प्रत्येक टॅगमागे मेमरीत एक नोंद तयार होते, पानावर दिसणाऱ्या प्रत्येक घटकाची जागा मोजावी लागते, तो पडद्याबाहेर असला तरी. साध्या फोनची दमछाक होते ती इथेच. २०२० साली क्रोमच्या ८५व्या आवृत्तीत सीएसएसचा ‘कंटेंट-व्हिजिबिलिटी’ हा गुणधर्म आला. पान लिहिणाऱ्याने तो लावला, तर पडद्याबाहेरच्या मजकुराची मांडणी ब्राउझर पुढे ढकलतो. मेमरीतल्या नोंदी मात्र तेवढ्याच राहतात. म्हणून अनेक पानांत विभागलेली त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती मला अधिक मोलाची वाटते.