धरणाचा हिशेब शिवाराच्या मापात हवा

नारायणगाव, ओतूर, मंचर पट्ट्यातला शेतकरी मापाला पक्का आहे. टोमॅटोच्या फवारणीत लिटरला किती मिली औषध घ्यायचे आणि दोनशे लिटरच्या टाकीला किती लागेल, हे त्याला तोंडपाठ असते. ठिबकचा ड्रीपर ताशी दोन लिटरचा की चारचा, यावरून तो मोटार किती वेळ चालवायची ते ठरवतो. डेअरीत दूधही लिटरवरच जाते.

मग धरणाची बातमी येते आणि माप एकदम बदलते. येडगाव धरणातून इतके क्युसेक सोडले, डिंभ्यात इतके टीएमसी शिल्लक. दोन्ही मापे घनफुटांची. देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा 1956 मध्ये झाला, पाऊससुद्धा मिलिमीटरमध्ये मोजला जातो. धरणातले पाणी तेवढे अजून फुटात अडकले आहे.

एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, मेट्रिकमध्ये सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. एका घनमीटरात 1,000 लिटर, म्हणजे हे पाणी झाले 2,832 कोटी लिटर. डिंभे धरणाची, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराची, एकूण क्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी; घनमीटरमध्ये ती 38 कोटींच्या घरात जाते.

गोंधळात भर घालतात ती दोन संक्षिप्त रूपे. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट आणि दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक मीटर म्हणजे जेमतेम सव्वातीन फूट, पण घनमापात लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही वाढतात, त्यामुळे एका घनमीटरात 35 घनफूट मावतात. बातमीत ‘मी’च्या जागी ‘फू’ छापले गेले, तर धरणातला साठा कागदावर 35 पटींनी आटतो. हा फरक किती वाचकांच्या लक्षात येईल?

शिवारातला हिशेब खरे तर फार सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा, म्हणून गुंठ्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी आले. एकराला साडेसात सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर तीन लाख लिटर लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, चोवीस तासांत साडेचोवीस लाख लिटर. गळती धरली नाही तर त्यात आठ एकर भिजतात. हजार क्युसेकचे आवर्तन साडेअकरा दिवस चालले की एक टीएमसी संपला. बातमीत हे एक वाक्य आले, तरी चारीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या वाट्याचा अंदाज बांधता येईल.

शेततळ्यातही घनमापच फसवते. 30 बाय 30 मीटर, खोली तीन मीटर. सरळ गुणाकार 27 लाख लिटर सांगतो. पण मातीच्या कडा उभ्या राहत नाहीत. प्रत्येक मीटर खोलीला दीड मीटर उतार दिला की तळ 21 बाय 21 मीटरचाच उरतो आणि साठा 20 लाख लिटरच्याही थोडा खाली येतो. 27 लाख धरून उन्हाळी पीक लावणारा सात लाख लिटरला मुकतो.

कुकडी प्रकल्पात मापाचा हा प्रश्न अधिक नाजूक आहे. डिंभ्याच्या डाव्या कालव्याचे पाणी येडगावला येते आणि तिथून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. डिंभे-माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून आंबेगावात विरोध उभा राहिला, तेव्हाही भांडण टीएमसीतच झाले. वरच्यांना वाटते आपले पाणी नेले, टेलच्यांना वाटते आपल्यापर्यंत पोचलेच नाही. दोघांनाही पडताळा घेता येईल असा आकडा समोर हवा.

सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या 2005 च्या कायद्यात पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद आहे. त्याच धर्तीवर कालवा सल्लागार समितीने प्रत्येक आवर्तनानंतर तीन आकडे गावोगावच्या फलकांवर लावावेत: धरणातून किती घनमीटर सुटले, चारीच्या तोंडाशी किती पोचले आणि एकरी किती लिटर पडले. टीएमसी हवा तर शेजारी कंसात लिहावा.